नावाआधीची फुली

वनस्पती उद्यानाच्या प्रकाशन विभागाला दोनच खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत संगणकासमोर तात्या बसायचे आणि पुस्तकांची पानं जुळवायचे. आतल्या खोलीत सूनबाई बसायची आणि त्या पानांतल्या चुका काढायची. तिचे सासरे नाना याच उद्यानात वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून उभी हयात काढून निवृत्त झाले होते. ती त्यांच्या घरात आली त्या दिवसापासून माळ्यांपासून संचालकांपर्यंत सगळे तिचं खरं नाव विसरले आणि तिला सूनबाई म्हणू लागले. सुरुवातीला ती चिडायची. मग तिनं नाद सोडला.

त्या वर्षी परिसरातल्या झाडाझुडपांचं एक जाडजूड पुस्तक निघायचं होतं. मजकूर मराठीत, शास्त्रीय नावं रोमन लिपीत. लिहिलं होतं मॅडमनी. वाळवलेल्या वनस्पतींची कपाटं ज्या इमारतीत होती तिच्या त्या प्रमुख, आणि एकेकाळच्या नानांच्या विद्यार्थिनी. पुस्तक जवळजवळ झालंच होतं. घोडं अडलं ते एका चिन्हावर.

दोन वेगळ्या जातींच्या संकरातून जन्मलेल्या झाडाचं नाव लिहिताना मध्ये एक खूण घालतात. आधी प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं नाव, मग खूण, मग जातीचं नाव. आपण खातो त्या स्ट्रॉबेरीच्या नावात ती आहे, औषधी गोळ्यांत घालतात त्या पेपरमिंटच्या नावातही आहे. नावं तिरप्या टाइपात असतात, खूण मात्र सरळ उभी. ती दिसते इंग्रजी एक्ससारखी, पण असते गणितातलं गुणिले. अगदीच नाइलाज असेल तर धाकटा एक्स चालतो असं नियमांचं पुस्तक सांगतं, पण मग तो नावापासून सुटा ठेवावा लागतो, नाहीतर वाचणारा त्याला नावातलंच अक्षर समजतो.

तात्यांनी सगळीकडे एक्स घातला होता. तोही तिरपा, आणि नावाला चिकटून.

"अहो, फुली ती फुली," तात्या म्हणाले. "वाचणाऱ्याला कळल्याशी कारण."

"एक्स अक्षर आहे तात्या. अक्षर म्हटलं की ते नावाचा भाग होतं. ही खूण नावाच्या सोबत असते, नावात नसते."

"म्हणजे घरात राहणारा पाहुणा."

"तसं समजा. पण बदलून द्या."

तात्या तोंडानं पुटपुटत असले तरी कामाला वाघ होते. जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी संगणकाला हुकूम सोडला की जिथं जिथं एक्स दिसेल तिथं तिथं गुणिले घाल, आणि डबा उघडून बसले. संगणकानं हुकूम तंतोतंत पाळला. दुसऱ्या दिवशी सूनबाईच्या टेबलावर जी पानं आली ती बघून तिनं कपाळाला हात लावला. संकरित झाडांची नावं दुरुस्त झाली होती, पण त्यांच्याबरोबर सॅलिक्स, बक्सस, फ्लॉक्स, ऑक्झालिस, ज्या ज्या नावाच्या पोटात रोमन एक्स होता त्या प्रत्येकाच्या पोटात गुणिले जाऊन बसलं होतं. मागच्या पानावरच्या इंग्रजी पत्त्यातला फॅक्ससुद्धा सुटला नव्हता. जुळवलेल्या पानांची जुनी प्रत पुसली गेली होती. आता पहिल्या पानापासून एकेक नाव हातानं तपासण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"एका फटक्यात झालं म्हणून मी खुशीत होतो हो," तात्या कान खाजवत म्हणाले.

संध्याकाळी तिनं हा किस्सा घरी सांगितला तेव्हा नाना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सासूबाईंना, म्हणजे आईंना, कशावर हसायचं ते दोनदा समजावून सांगावं लागलं. आई प्राथमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. झाडांच्या लांबलचक नावांशी त्यांचं कधी जमलं नाही.

तपासत तपासत सूनबाई पुदिन्याच्या कुळापर्यंत आली आणि थबकली. पुदिन्याच्या एका जातीला आईंचं नाव होतं. नानांनी तरुणपणी डोंगरातल्या एका ओढ्याकाठी ती शोधली होती, नवी जात म्हणून जगासमोर मांडली होती, आणि लग्न नुकतंच झालेलं असल्यामुळे बायकोचं नाव लॅटिन थाटात वळवून तिला दिलं होतं. घरातल्या प्रत्येकाला ते नाव पाठ होतं. आता त्या नावाआधी गुणिले उभं होतं.

पहिल्यांदा तिला वाटलं, हाही तात्यांचाच प्रताप. मग तिच्या लक्षात आलं की यंत्र असलेल्या एक्सचं गुणिले करतं, काही नसलेल्या जागी आपणहून खूण घालत नाही. म्हणजे एक्स मुळातच होता. तिनं मॅडमची मूळ प्रत काढली. होता. ती तडक मॅडमकडे गेली.

मॅडम दार लावून घेऊन बोलल्या. "चूक नाही ती. मीच घातलाय. डीएनए तपासलाय आम्ही, दोनदा. पाणपुदिना आणि रानपुदिना यांचा संकर आहे. वेगळी जात नाही."

"नानांना माहीत आहे?"

"सांगणार होते. दर सोमवारी ठरवते. समोर गेले की इकडचं तिकडचं बोलून परत येते."

"मग काय, पुस्तकातून कळू द्यायचं होतं?"

मॅडमनी मान खाली घातली. त्या एरवी संचालकांनाही सुनावणाऱ्या बाई. "छपाईआधीची पानं सरांकडे वाचायला जायची आहेत ना? त्याआधी मी घरी येऊन सांगते. उद्या येते."

पण उद्या उजाडायच्या आधीच घोटाळा झाला. मान म्हणून पानं नानांच्या नजरेखालून जावीत असं संचालकांच्या मनात होतं, आणि त्यांनी त्याच दुपारी गठ्ठा ड्रायव्हरच्या हाती घरी पाठवून दिला. सूनबाई घरी पोचली तेव्हा नाना गॅलरीत खुर्ची टाकून, मांडीवर पाटी, हातात लाल पेन्सिल घेऊन बसलेले. आई शेजारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"ये ये," नाना खुशीत म्हणाले. "तुझ्या तात्यांची आणखी एक फुली सापडली. बघ, थेट हिच्या नावावर." त्यांनी ती लाल रेघेनं खोडून समासात काढून टाकायची खूणही केली होती.

"माझ्या नावावर?" आई म्हणाल्या. "मी काय घोडं मारलंय त्यांचं?"

दोघंही हसत होती. सूनबाई चप्पल काढता काढता थांबली. गप्प बसावं, मॅडमना फोन करावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण नानांनी खोडलेली खूण तिला परत घालावी लागणार होती, आणि ती त्यांच्या पाठीमागे घालणं तिला पटेना.

"नाना, ती तात्यांची नाही."

"मग?"

"मॅडमनी लिहिलीय. मूळ प्रतीतच आहे. त्या उद्या येऊन सांगणार होत्या तुम्हाला."

नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला आणि ते पान पुन्हा वाचलं.

"संकर म्हणते ती? कुणाकुणाचा?"

तिनं सांगितलं.

"शक्य नाही. हा विचार मी तेव्हाच केला होता. पुदिना म्हटलं की पहिली शंका संकराचीच येते, ते मला काय कुणी शिकवायला नको. पण त्या खोऱ्यात पाणपुदिना नाहीच. मी पायाखाली घातलंय ते सगळं."

"ओढ्याच्या वरच्या अंगाला जुना बंधारा आहे म्हणे. त्याच्या मागच्या दलदलीत सापडलाय."

नानांनी पेन्सिल पाटीवर ठेवली. बंधाऱ्यापलीकडे ते गेले नव्हते हे त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. आईंनी घड्या घातलेले कपडे उचलले आणि आत जाता जाता सूनबाईला डोळ्यांनीच खुणावलं, आता बोलू नकोस.

दुसऱ्या दिवशी नाना काठी आणि ते पान घेऊन स्वतःच उद्यानात आले. सूनबाई त्यांच्याबरोबर मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"आपण मला सांगायला हवं होतं," नाना म्हणाले.

"सर, मला 'आपण' काय म्हणता? रागवा, पण 'तू' म्हणा."

"आपण काय पुरावा मिळवलात तो दाखवा."

मॅडमनी आलेख दाखवले. नानांनी ते नीट बघितले, पण त्या नव्या पद्धतींवर त्यांचा हात बसलेला नव्हता आणि ते त्यांना कबूल होतं. मग मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली एक काच सरकवली. ओढ्याकाठून आणलेल्या फुलांतले परागकण त्यांनी लाल रंगात बुडवून ठेवले होते. जिवंत कण हा रंग पितो आणि टचटचीत लाल दिसतो. नाना डोळा लावून बराच वेळ बसले. मग त्यांनी शेजारच्या काचेवरचे रानपुदिन्याचे कण बघितले, आणि पुन्हा पहिली काच लावली.

"पोकळ आहेत," ते म्हणाले. "सगळे चिपाडासारखे."

"हो सर."

"बी कधी धरलंच नाही त्यानं. दरवर्षी जायचो मी बघायला. मला वाटायचं, पाणी गार आहे, ऊन कमी पडतं. मुळांवरच पसरतं म्हणून सोडून दिलं." ते खुर्चीत मागे टेकले. आवाजात राग उरला नव्हता, आणि तेच सूनबाईला जास्त लागलं. "ठीक आहे. मग त्याला नाव तरी कशाला ठेवताय? नुसतं सूत्र लिहा. ही जात गुणिले ती जात. नियमात बसतं."

"बसतं," मॅडम म्हणाल्या. "पण नाव ठेवलेलंही बसतं, सर. नाव तेच, ते देणाऱ्याचं नावही तेच. फक्त खूण लागते."

"मला नको आहे. अर्धवट मान नको. काढून टाका." मग सूनबाईकडे वळून, "आजच काढ. तसं लिहून देतो." आणि त्यांनी खरंच समासात लिहून दिलं.

मॅडमनी हात टेकले. त्यांच्या पुस्तकातलं नाव काढायचं की ठेवायचं हा अधिकार त्यांचा होता, पण त्या क्षणी त्यांच्यानं नाही म्हणवलं नाही. सूनबाईनं पान घेतलं, तात्यांकडे मात्र दिलं नाही. ते पिशवीत घालून ती संध्याकाळी घरी आली आणि आधी स्वयंपाकघरात गेली. काय घडलं ते तिनं आईंना सरळ सांगितलं.

आईंनी गॅस बारीक केला. "ते चिन्ह लागलं की नाव बदलतं का गं?"

"नाही. अक्षर न् अक्षर तेच. मागच्या सूचीत लावतानासुद्धा खूण जमेस धरत नाहीत. तुमचं नाव तुमच्याच जागी येतं."

"आणि झाड? आहे ना अजून तिथं?"

"आहे की. मॅडम मागच्याच महिन्यात जाऊन आल्या."

आई पदराला हात पुसत बाहेर गेल्या. नाना बातम्या लावून बसले होते. आईंनी टीव्ही बंद केला.

"माझं नाव काढून टाकलंत म्हणे."

"अगं, ती स्वतंत्र जात नाहीये. दोघांची मिसळण आहे."

"ते कळलं मला. मी नावाचं विचारतेय. ठेवताना मला विचारलं नव्हतंत. लेख छापून आला तेव्हा पोस्टमननं आणून दिला आणि मग मला समजलं. झाड सापडलं त्या दिवशी ओल्या साडीनं मी ओढ्याकाठच्या दगडावर बसले होते, तुम्ही गुडघाभर पाण्यात, आणि मला वाटत होतं की यांना नोकरीवरून काढतील तर बरं. ठेवताना नाही विचारलंत, काढताना तरी विचाराल?"

नानांना हे अपेक्षित नव्हतं. "तुला त्या झाडाचं एवढं काय आहे? वास आवडत नाही म्हणून कुंडीसुद्धा ठेवू दिली नाहीस कधी."

"वास नाहीच आवडत मला. पण माझ्या बहिणींना, शाळेतल्या बायकांना, सगळ्यांना मी सांगितलंय की माझ्या नावाचं झाड आहे. आता काय फोन करून सांगू, नाही म्हणून?"

"पुढं फुली लागणार आहे तुझ्या."

"लागली तर लागली. मी जन्मभर गणित शिकवलं, मला ती फुली दिसतच नाही. गुणिले दिसतं. गुणिलेनं आकडा वाढतो."

"शून्यानं गुणलं तर?"

"ते तुम्ही गुणत बसा," आई म्हणाल्या. "तुम्हाला चुकल्यासारखं वाटतंय, ते मला कळतंय हो. पण चुकलंय तुमचं, नाव माझं आहे. तुमच्या रागापायी माझं नाव नका काढू."

सूनबाई दारात उभी होती. तिला तिथून काढता पाय घ्यावासा वाटला, पण नानांनी तिच्याकडे हात पुढं केला. तिनं पिशवीतलं पान दिलं. नानांनी लाल पेन्सिल शोधली. समासातलं स्वतःचंच वाक्य खोडलं, आणि आदल्या दिवशी खोडलेल्या खुणेखाली ठिपके काढले. खोडलं ते राहू द्या, असा त्याचा अर्थ. मुद्रितं तपासणाऱ्या प्रत्येकाला तो कळतो. मग त्यांनी टीव्ही लावला. बातम्या संपून हवामान चालू झालं होतं.

त्यानंतर नाना रोज प्रकाशन विभागात येऊ लागले. आता त्यांना ती खूण आणि नाव यांच्यामध्ये किती जागा सोडायची याची पडली होती. नियमांचं पुस्तक यावर बोलत नाही. वाचायला सोपं जाईल तेवढी सोडा म्हणतं. मॅडमना खूण नावाला चिकटून हवी होती. सूनबाईला थोडी फट हवी होती. तात्यांनी दोन्ही तऱ्हेची पानं छापून भिंतीला डकवली, आणि तिघं जण चार पावलं मागे जाऊन चित्रं बघावीत तशी बघत उभी राहिली.

"चिकटवली की अक्षरात मिसळते," नाना म्हणाले. "आणि एवढी सोडलीत की बेरीज-गुणाकार वाटतो. केसाएवढी ठेवा."

"केसाएवढी ठेवली तर ओळीच्या शेवटी घात होईल," तात्या म्हणाले. "फुली वरच्या ओळीत राहील आणि नाव खालच्या ओळीत जाईल."

"मग तुटणार नाही अशी जागा घाला. असते ना तशी?" सूनबाई म्हणाली.

असते. तात्यांनी घातली, आणि यावेळी संगणकाला हुकूम न देता एकेका नावाजवळ जाऊन घातली. मॅडम खाली उतरून आल्या, भिंतीवरचं पान बघून म्हणाल्या, "चांगलं दिसतंय, सर."

"दिसणारच. तुझ्या हट्टानं सगळी पानं चोंदली असती," नाना म्हणाले. मॅडम हसल्या, आणि मग कपाटाच्या किल्ल्या शोधायचं निमित्त करून तोंड वळवून उभ्या राहिल्या.

पुस्तक वेळेवर निघालं. आईंनी आपलं पान उघडून बहिणींना दाखवलं. त्या खुणेबद्दल कुणीच काही विचारलं नाही, तेव्हा आईंनीच हौसेनं समजावून सांगितलं.

नानांच्या डोक्यातून मात्र पुदिना जाईना. त्यांनी मॅडमकडून दोन्ही जातींची रोपं मागून घेतली आणि गॅलरीत संकर करायला बसले. पुदिन्याचं फूल तांदळाच्या दाण्याएवढं. भिंगाखाली धरून सुईनं त्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या फुलाचे पराग कुंचल्यानं आणून लावायचे, आणि वर कागदाची टोपी घालायची. हात थरथरायचे. पहिल्या हंगामात एकही बी धरलं नाही. दुसऱ्या हंगामात थोडं धरलं आणि त्यातून काही रोपं उगवून आली. वास उग्र आणि ओळखीचा होता, पण ओढ्याकाठच्या पानांवर बारीक लव असते, आणि ही पानं गुळगुळीत निघाली.

नाना नाराज होतील असं सूनबाईला वाटलं होतं. ते उलट लहान मुलासारखे फोनवर मॅडमना सांगत होते, "अगं, लव नाही! एकतर बंधाऱ्यामागचा पाणपुदिना वेगळ्या वाणाचा आहे, नाहीतर मी आई-बाप उलटे घेतले. उलट करून बघतो. आणि पुढच्या आठवड्यात तू मला तिथं घेऊन चल. बंधाऱ्यापलीकडे."

फोन ठेवून ते कुंडीत खोचायची पट्टी लिहायला बसले. सूत्र लिहायचं होतं. त्यांनी सूनबाईला हाक मारली. "आधी कुणाचं नाव लिहायचं?"

"एरवी वर्णानुक्रमानं. पण मादी कोण हे माहीत असेल तर तिचं आधी लिहिता येतं, मादीची खूण करून."

"मग आईचं आधी."

"माझं काय आधी?" आतून आईंनी विचारलं.

"तुझं नाही, पुदिन्याच्या आईचं," नाना ओरडले, आणि पट्टीवर पेन्सिलीनं सावकाश लिहू लागले.